तीच ओळ पुन्हा का?

(कवितेत काही शब्द, काही ओळी पुन्हा पुन्हा येतात. त्या का येतात, त्यांनी कवितेला काय मिळते आणि ऐकणाऱ्याला काय मिळते, हे या पाठात लेखिकेने वर्गातल्या एका प्रसंगातून सांगितले आहे.)



नववीच्या चाचणी परीक्षेत मी एक प्रश्न दिला होता. 'कवितेत ध्रुपद पुन्हा पुन्हा का येते?' प्रश्न दोन गुणांचा होता. एका मुलाने एकाच ओळीत उत्तर लिहिले, 'कवीजवळचे शब्द संपले म्हणून.'

मला हसू आले. मी लाल पेनाने फुली मारली आणि पुढचा पेपर घेतला. दुसऱ्या दिवशी वर्गात पेपर वाटले. तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, माझं उत्तर चुकलं. मग बरोबर उत्तर काय?"

मी सवयीने सांगितले, "त्यामुळे कवितेला नाद येतो."

त्याने विचारले, "नाद येतो म्हणजे काय होतं?"

वर्ग शांत झाला. मी बी.एड. झालेली, रोज मराठी शिकवणारी. पण त्या वेळी मला उत्तर देता येईना. ते वाक्य मी विद्यार्थिनी असताना पाठ केले होते. त्याचा अर्थ मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. "उद्या सांगते," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

ते 'उद्या'चे उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले. आज ते तुम्हांला सांगते. सुरुवात मात्र मराठी कवितेपासून करत नाही. तुमच्या उर्दूच्या तासापासून करते.

तुम्ही गझल वाचता. गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात. मतल्याच्या दोन्ही मिसऱ्यांच्या शेवटी आणि पुढच्या प्रत्येक शेरातल्या दुसऱ्या मिसऱ्याच्या शेवटी एक शब्द किंवा शब्दांचा गट जसाच्या तसा येतो. तो रदीफ. रदीफच्या आधी जुळणारा शब्द येतो, तो काफिया. काफिया दर वेळी बदलतो, रदीफ बदलत नाही. 'रदीफ' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मोठा गमतीचा आहे. घोड्यावर स्वाराच्या मागे बसणारा, तो रदीफ. पुढचा स्वार बदलतो, मागे बसणारा तोच राहतो. पण स्वार बदलला की घोडा दुसऱ्या वाटेने जातो. म्हणून मागे बसणाऱ्यालाही दर वेळी नवा मुलूख दिसतो.

नजीर अकबराबादी यांची 'आदमीनामा' ही नज्म तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. तिच्यात 'आदमी' हा शब्द किती वेळा येतो, ते मोजून पाहा. बादशाहासाठी तोच शब्द, भिकाऱ्यासाठीही तोच. कवीला दुसरा शब्द सापडला नाही, असे कोणी म्हणेल का? सगळ्यांना एकच शब्द लावायचा, हेच तर त्याला सांगायचे आहे.

म्हणजे पुनरावृत्ती तुम्हांला अनोळखी नाही. तुमच्या कानाला ती ठाऊक आहे. मराठीत ती फक्त वेगळ्या नावाने भेटते.

आता आपल्या जिल्ह्यात या. हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. म्हणून त्याला नर्सी नामदेव म्हणतात. नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५०. त्यांनी अभंग रचले. 'अभंग' हे कवितेच्या एका प्रकाराचे नाव आहे आणि त्याचे माप फार सोपे आहे. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. एकूण बावीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक जुळते.

येथे उर्दू शाळेतल्या मुलांची एक अडचण होते. उर्दू बहरमध्ये आपण लांब आणि आखूड उच्चार पाहतो. अभंगात तसे नाही. येथे अक्षर लहान असो वा मोठे, ते एकच मोजायचे. जोडाक्षरही एकच. 'च्या' म्हणजे एक अक्षर. शिवाय बोलताना आपण 'वाट' हा शब्द झटकन म्हणतो, त्यातल्या 'ट'वर थांबत नाही. पण अभंगात 'वा' एक आणि 'ट' एक, अशी दोन अक्षरे होतात. गाताना तो 'ट'सुद्धा पूर्ण म्हटला जातो.

नुसते सांगून हे कळणार नाही, असे मला वाटले. म्हणून मी वर्गात म्हटले, "चला, आपणच एक कडवे करू. शेवटचा चरण मी देते: 'वाट पाहे'. चार अक्षरे. पुढचे तुम्ही भरा." मुले बोटांवर मोजू लागली. खोडाखोड झाली. एका तासानंतर फळ्यावर हे कडवे उभे राहिले:

कयाधूच्या काठी । उभी माझी शाळा ।
भिंतीवर फळा । वाट पाहे ॥

मोजून पाहा. क-या-धू-च्या-का-ठी, सहा. उ-भी-मा-झी-शा-ळा, सहा. भिं-ती-व-र-फ-ळा, सहा. वा-ट-पा-हे, चार. शाळा आणि फळा यांचे यमकही जुळले.

एका मुलीने विचारले, "मॅडम, फळा कोणाची वाट पाहतो?" मी काही बोलण्याआधीच मागून कोणी तरी म्हणाले, "जे ऊसतोडीला गेले त्यांची." दिवाळी होऊन गेली होती. वर्गात चार जागा रिकाम्या होत्या. आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या भागात गेलेली ती मुले उन्हाळ्याशिवाय परत येणार नव्हती. कडवे करताना ही गोष्ट कोणाच्या मनात होती की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या क्षणापासून ते कडवे नुसत्या अक्षरांच्या मोजणीचे राहिले नाही.

मी म्हटले, "आता पुढची कडवी घरून करून आणा. शेवट मात्र हाच ठेवायचा."

दुसऱ्या दिवशी पुष्कळ कडवी आली. त्यांतले एक असे होते:

आंबा पिकलेला । चिंच ही आंबट ।
बोर ते तुरट । वाट पाहे ॥

हे वाचल्यावर वर्ग खो खो हसला. ज्याने ते केले होते, तोही हसला. अक्षरे बरोबर होती. यमक बरोबर होते. मग हसू का आले? कारण वाट कोण पाहते आहे, आंबा की बोर, आणि कोणाची, हेच कळत नव्हते. शब्द परत आला होता, पण रिकाम्या हाताने आला होता. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. पुनरावृत्ती केली की कविता आपोआप चांगली होत नाही. परत येणाऱ्या शब्दाने काही तरी घेऊन यावे लागते.

मग तो मुलगा उभा राहिला, चाचणीत फुली मिळालेला. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करतात. त्याने वाचले:

आटली विहीर । सुकले शिवार ।
बाप बांधावर । वाट पाहे ॥

आता कोणी हसले नाही. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि तो सगळ्यांनीच पाहिला होता. त्यानंतर एका मुलीने हळू आवाजात तिसरे कडवे वाचले:

दिवेलागणीला । आई उभी दारी ।
लेक नाही घरी । वाट पाहे ॥

मी तिन्ही कडवी फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि विचारले, "'वाट पाहे' हे शब्द तीन वेळा आले. कवीजवळचे शब्द संपले का?"

तो मुलगा थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नाही मॅडम. शब्द तेच आहेत, पण वाट वेगळी आहे. फळ्याची वाट म्हणजे सुनं वाटणं. बापाची वाट म्हणजे काळजी. आईची वाट म्हणजे भीती."

जे मला पाठ करूनही सांगता आले नव्हते, ते त्याने करून पाहिले आणि सांगितले. पहिल्या वेळी आपण तो शब्द नुसता ऐकतो. दुसऱ्या वेळी ओळखतो. तिसऱ्या वेळी तो येणार हे आधीच ठाऊक असते, म्हणून आपण मनातल्या मनात त्याच्याकडे धाव घेतो. 'लेक नाही घरी' हे ऐकताच तुम्ही 'वाट पाहे' आपणहून म्हटले की नाही? त्या वेळी कविता एकट्या कवीची राहत नाही. तिचा एक भाग ऐकणाऱ्याच्या तोंडी येतो.

एका मुलाने विचारले, "'वाट पाहे'ऐवजी 'प्रतीक्षा करी' लिहिले तर?" अर्थ तोच आहे. पण मोजा: प्र-ती-क्षा-क-री. पाच अक्षरे झाली. टाळी चुकली. आणि शेतात उभा असलेला बाप प्रतीक्षा करत नाही, तो वाटच पाहतो. त्याच्या घरातला शब्द तोच आहे.

ऐकणाऱ्याच्या तोंडी कविता येणे ही लहान गोष्ट नाही. नामदेवांच्या काळी आपल्याकडे छापखाना नव्हता आणि बहुतेकांना वाचता येत नव्हते. कीर्तनात एक जण अभंगाचे कडवे म्हणतो आणि मग सगळे टाळकरी मिळून ध्रुपद म्हणतात. कडवी ज्याला पाठ नाहीत, त्यालाही ध्रुपद म्हणता येते. तेवढ्या एका ओळीच्या जोरावर तो गाण्यात सामील होतो. जुन्या पुस्तकांत कडव्यापुढे 'ध्रु.' किंवा 'धृ.' छापलेले तुम्ही पाहिले असेल. त्याचा अर्थ, 'येथे परत यायचे आहे.'

शाहिरांच्या पोवाड्यातही हेच दिसते. शाहीर पुढे गातो आणि मागचे झीलकरी त्याची ओळ उचलून धरतात. शाहीर अमर शेख (१९१६ ते १९६९) यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगावी हजारो माणसांपुढे गाणी म्हटली. एवढ्या गर्दीला कागद वाटता येत नाही, पण परत येणारी ओळ देता येते.

नामदेव उत्तरेकडे पंजाबपर्यंत गेले. पंजाबातल्या घुमान या गावाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. हा ग्रंथ पहिल्यांदा १६०४ साली सिद्ध झाला, म्हणजे नामदेवांनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. इतका काळ ही पदे गाऊन, ऐकून आणि हाताने उतरवून टिकली. त्या ग्रंथातल्या पदांत एका ओळीपुढे 'रहाउ' असा शब्द लिहिलेला असतो. 'रहाउ' म्हणजे थांबणे. ती ओळ गाताना पुन्हा पुन्हा येते आणि पदाचा मुख्य आशय बहुधा तिच्यातच असतो. आपण जिला ध्रुपद म्हणतो, तिलाच तेथे थांबण्याची जागा म्हटले आहे. केवढा छान विचार आहे! वाटसरू जेथे थांबतो, तेथेच तो मागे वळून पाहतो.

हे सगळे शोधताना मला माझ्या दादीची आठवण झाली. माझी दादी शाळेत गेली नव्हती. ती अंगठा उठवायची. घरात आम्ही दखनी बोलायचो. पण पहाटे ती शेजारच्या काकूंबरोबर जात्यावर बसली की मराठी ओव्या म्हणायची. काकू एक ओळ म्हणत, दादी तीच ओळ परत म्हणे. तेवढ्यात काकूंना पुढची ओळ आठवे. जाते फिरायचे, हात फिरायचा आणि त्याच फेऱ्यात ओळ फिरायची. ओवीत अक्षरांचे बंधन अभंगाइतके कडक नसते, तिचे माप जात्याचा फेरा ठेवतो. दादी मराठी कोठे शिकली, असे कोणी विचारले असते तर तिला सांगता आले नसते. ती मराठी शिकली नव्हती. काकूंची ओळ परत म्हणता म्हणता मराठी तिच्या तोंडात बसली होती.

अशी ती एकटी नव्हती. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाई नामदेवांच्या घरी काम करत. त्यांच्या अभंगांत दळण-कांडण येते. अलीकडच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या म्हणणाऱ्या कितीतरी बायांना लिहिता येत नव्हते. तरी त्या ओव्या आईकडून लेकीकडे पोहोचल्या होत्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना मराठी परकी वाटते. 'आमची जबान उर्दू, आम्हांला मराठी कविता कशी कळणार?' असे मी कितीदा ऐकले आहे. पण जरा मागे पाहा. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांनी सोळाव्या-सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओव्यांत लिहिला. उलट फारसी शिकवणारे प्राध्यापक माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, यांनी गझल मराठीत आणली. त्यांचा 'गज्जलांजली' हा संग्रह १९३३ साली निघाला. पुढे सुरेश भट (१९३२ ते २००३) यांनी ती मराठी माणसाच्या ओठांवर खेळवली. काफिया आणि रदीफ हे शब्द आज मराठी कवीही वापरतात. गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस गुंफतो, तसा अभंगाच्या शेवटी संत आपले नाव गुंफतो. मराठीत तिला नाममुद्रा म्हणतात. दोन भाषांतले हे येणेजाणे जुने आहे. तुम्ही त्यात नवे पाहुणे नाही.

म्हणून यापुढे मराठी कविता समोर आली की लगेच शब्दार्थ शोधू नका. आधी ती मोठ्याने म्हणा. टाळी देऊन अक्षरे मोजा. कोणता शब्द परत येतो, त्याखाली रेघ ओढा. मग तो शब्द हाताने झाका आणि कविता पुन्हा वाचा. काही हरवल्यासारखे वाटले, तर तो शब्द आपले काम करत होता. काहीच हरवले नाही, तर कवीच चुकला असे खुशाल समजा. आणि शेवटी स्वतःला विचारा: पहिल्या वेळी या शब्दाचा अर्थ काय होता? शेवटच्या वेळी काय झाला?

त्या मुलाच्या पेपराचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्याने मला विचारले होते, "आता फुली काढणार का?" मी काढली नाही. उत्तर चूकच होते आणि चुकीला गुण देता येत नाहीत. पण त्या फुलीखाली मी लाल पेनानेच लिहिले, 'प्रश्न चांगला विचारलास. पुन्हा विचार.'

त्याने ते वाचले आणि हसून म्हणाला, "मॅडम, 'पुन्हा' का?"

शब्दार्थ

ध्रुपद – कवितेत पुन्हा पुन्हा येणारी ओळ
कडवे – कवितेतील ओळींचा एक गट, बंद
चरण – ओळीचा भाग
यमक – शेवटच्या अक्षरांचा सारखेपणा, काफिया
पुनरावृत्ती – पुन्हा पुन्हा येणे
शिवार – गावाभोवतालची शेते
बांध – शेताची मातीची कड
दिवेलागण – संध्याकाळी दिवे लावण्याची वेळ
झीलकरी – शाहिराच्या मागे ओळ उचलून गाणारे साथीदार
वेळ मारून नेणे – कसेबसे निभावणे
हाताने उतरवणे – पाहून किंवा ऐकून लिहून घेणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'रदीफ' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(आ) मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात एकूण किती अक्षरे असतात?
(इ) गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची किती पदे आहेत?
(ई) लेखिकेची दादी ओव्या कोणाबरोबर म्हणत असे?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) 'आंबा पिकलेला' हे कडवे ऐकून वर्ग हसला.
(आ) 'वाट पाहे'ऐवजी 'प्रतीक्षा करी' हे शब्द चालले नाहीत.
(इ) लेखिकेने पेपरावरची फुली काढली नाही.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तीन कडव्यांतील 'वाट पाहे' या शब्दांचा अर्थ कसा बदलतो?
(आ) ध्रुपदामुळे वाचता न येणारा माणूस गाण्यात कसा सामील होतो?

उपक्रम : १. 'वाट पाहे' हा शेवट ठेवून एक कडवे तयार करा. अक्षरे टाळी देऊन मोजा. वाट कोण पाहते आणि कोणाची, हे कडव्यातून कळले पाहिजे.
२. घरातील किंवा शेजारच्या वयस्क बाईंना जात्यावरची एखादी ओवी आठवते का, ते विचारा. त्या जशी म्हणतील तशीच वहीत लिहून घ्या आणि वर्गात म्हणून दाखवा.